उतारवय आणि पायांतील बळ

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. छापण्यासाठी देताना काही भाग वाढविला आहे.)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून गुडघे आणि पोटऱ्या यांविषयी बोलावयाचे कारण काय, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यातून मी काही डॉक्टर नव्हे. बी.ए., बी.एड. झालेला एक साधा शाळामास्तर. परंतु आमच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना आणावयास आणि न्यावयास हल्ली आई-बापांपेक्षा दादा-दादी आणि नाना-नानीच अधिक येतात. नातवाचे दप्तर एका खांद्यावर, आणि दुसरा हात फाटकाच्या गजावर. दोन पायऱ्या, पण त्या चढताना गज सोडवत नाही. तुमच्याही घरात असे एखादे माणूस असेल. कदाचित ते माणूस तुम्ही स्वतःच असाल. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला.

म्हातारे माणूस पडले की आपण काय म्हणतो? "पाय घसरला." "फरशी ओली होती." "नशिबात होते." फरशी ओली होती हे खरेच असते. पण त्याच ओल्या फरशीवरून घरातील दहा वर्षांचे पोर दिवसातून वीस वेळा धावते. त्याचाही पाय घसरतो, पण ते सावरते. म्हातारा सावरत नाही. फरक फरशीत नसून पायांत आहे, आणि पायांतला हा फरक एका दिवसात पडलेला नसतो, तो दहा-पंधरा वर्षे हळूहळू पडत आलेला असतो. मला तुम्हाला सांगावयाचे आहे ते हे की पायांतील गेलेले बळ बऱ्याच अंशी परत आणता येते, आणि त्यासाठी कोणत्याही वयाला फार उशीर झाला असे होत नाही.

आधी प्रश्न किती मोठा आहे ते पाहा. अमेरिकेतील डॉ. मेरी टिनेटी यांनी १९८८ साली, आपापल्या घरी राहणाऱ्या वृद्धांचा वर्षभर पाठपुरावा करून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शंभरातील बत्तीस जण वर्षात निदान एकदा पडले होते. म्हणजे तिघांतील एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगभर पडण्यामुळे दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे मरण पावतात. अपघाती मृत्यूंत रस्ते-अपघातांच्या खालोखाल पडण्याचा नंबर लागतो. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेतच साठी ओलांडलेले दहा कोटींहून अधिक होते. आता ते पुष्कळ वाढले आहेत, आणि त्यांतील बहुतेकांच्या घरी न्हाणीत धरावयास साधा दांडासुद्धा नाही.

आमच्या मोहल्ल्यात एक चाचा होते. बहात्तरीचे. फजरच्या अंधारात वजूसाठी उठले आणि मोरीच्या कडेला पडले. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, ते चांगलेही झाले, पण नंतर दोन-अडीच महिने त्यांना बाजेवरून कोणी उतरू दिले नाही. लेकी-सुना इतक्या जीव लावणाऱ्या की पाण्याचा पेलासुद्धा तोंडाशी नेऊन धरीत. हाड सांधले, पण चाचा पुन्हा मशिदीपर्यंत चालत गेले नाहीत. "हड्डी तो जुड गई, मगर पैर मेरे नहीं रहे," असे ते म्हणत.

चाचांचे हे बोलणे शास्त्राला धरूनच होते. २००७ साली अमेरिकेत धडधाकट वृद्धांना, केवळ प्रयोगासाठी, दहा दिवस पलंगावर पडून राहावयास सांगितले होते. ना आजार, ना दुखापत. दहा दिवसांत त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस झिजले. फक्त दहा दिवसांत! मग दोन-अडीच महिन्यांचा हिशेब तुम्हीच करा.

स्नायूंचा कारभार थोडा समजून घेऊ. तिशी-चाळिशीनंतर प्रत्येकाचेच स्नायू झिजू लागतात, आणि साठीनंतर ती झीज वेग घेते. हातांपेक्षा पायांचे स्नायू लवकर उतरतात. मांस जेवढे घटते त्याहून जोर अधिक घटतो. स्नायूंत दोन जातींचे तंतू असतात. एक संथ, दमदार, तासन् तास उभे राहण्याच्या आणि चालण्याच्या कामी येणारे. दुसरे चपळ, क्षणात जोर लावणारे. ठेच लागली की दुसरा पाय चटकन पुढे टाकून शरीर तोलावे लागते, ते काम या चपळ तंतूंचे. उतारवयात झिजतात ते मुख्यतः हेच. म्हणून एखादे बुजुर्ग बाजारापर्यंत सावकाश चालत जातात आणि आपल्याला वाटते, पाय चांगले आहेत. पण उंबऱ्याला ठेच लागली की त्यांचा दुसरा पाय वेळेवर पोचत नाही.

तोल सांभाळावयास नुसते स्नायूही पुरत नाहीत. डोळे, कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय, आणि तळपाय व सांधे यांतून येणारी जाणीव, अशा तीन वाटांनी मेंदूला खबर मिळते. मोतीबिंदूने एक वाट धूसर होते. मधुमेहाने तळपाय बधिर झाले की दुसरी बंद पडते. रात्री वीज गेली की उरलेसुरलेही संपते. त्यात रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी घेतलेली असली तर बाजेवरून एकदम उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा उठताना आधी बाजेच्या काठावर पाय सोडून क्षणभर बसा, मग उभे राहा. आणि आपल्या गोळ्यांची सगळी पाकिटे वर्षातून एकदा डॉक्टरांपुढे ठेवून "यांतील कोणती पाडणारी आहे का?" असे सरळ विचारा. विचारण्यात कमीपणा कसला?

आता आशेची गोष्ट सांगतो. १९९० साली बोस्टन शहरातील एका वृद्धाश्रमात डॉ. मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या घरातील दहा जणांना आठ आठवडे मांड्यांचा व्यायाम दिला. नुसते हात-पाय हलविणे नव्हे, चांगले वजन लावून, दर आठवड्याला ते वाढवीत नेऊन. त्या म्हाताऱ्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. दोघांनी हातातील काठी टाकली. लोकांना हे खरे वाटेना. पण व्यायाम थांबविल्यावर चार आठवड्यांत मिळविलेल्यापैकी बरेच बळ ओसरले, हेही त्याच अभ्यासात दिसले. स्नायू हा हिशेबाला कडक गडी आहे. काम द्याल तेवढाच राहतो.

येथे मला थोडे कडू बोलावयाचे आहे. आपल्या समाजात, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रातच, वडीलधाऱ्यांचा आदर म्हणजे त्यांना बसवून ठेवणे असे झाले आहे. "अब्बा, तुम्ही बसा." "अम्मी, तुम्ही कशाला उठता, मी देते ना." दूध आणणे बंद, विहिरीवर किंवा नळावर जाणे बंद, शेतावर जाणे तर मुलगा रागावतो म्हणून बंद. हे सगळे प्रेमापोटी होते, यात शंका नाही. पण एकेक काम काढून घेताना आपण त्यांच्या पायांखालचा एकेक दगड काढून घेत असतो. त्यातून एकदा पडले की भीती बसते. भीतीने हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की बळ जाते, आणि बळ गेले की माणूस पुन्हा पडतो. या फेऱ्यात सापडलेली माणसे प्रत्येक गल्लीत आहेत. म्हणून म्हणतो, अब्बांच्या हातून पिशवी घेऊ नका. पिशवी थोडी हलकी करा, हवे तर बरोबर चाला.

आपला वर्धा जिल्हा तर चालणाऱ्या म्हाताऱ्यांचा जिल्हा म्हणावयास हरकत नाही. गांधीजी १९३६ साली सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहावयास आले तेव्हा छासष्ट वर्षांचे होते. बापू कुटी तुम्ही पाहिली असेल. तेथे खुर्ची-टेबल नाही. जमिनीवर बैठक, पुढे ठेंगणे लिहिण्याचे मेज. दिवसातून कितीदा उठ-बस होत असेल याचा अंदाज करा. पुढे १९४७ च्या आरंभी, सत्त्याहत्तराव्या वर्षी, तेच नोआखालीच्या गावागावांतून अनवाणी हिंडले. विनोबांचे तर काय सांगावे! १९५१ च्या मार्चमध्ये येथून पायी निघाले तेव्हा पंचावन्न वर्षांचे, आणि भूदानाची पदयात्रा करून १९६४ साली पवनारला परतले तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. शरीर किरकोळ, अंगात मांस ते किती! पण सेवानिवृत्तीच्या वयात सुरू केलेले चालणे तेरा वर्षे चालले. रोज वापरले जाणारे पाय वयाचा दाखला मागत नाहीत.

मात्र एक खुलासा येथेच करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, "मास्तर, आम्ही तर रोज सकाळी चक्कर मारतोच." सपाट डांबरी रस्त्यावरील फेरफटका हृदयाला उत्तम, मधुमेहाला उत्तम. पण केवळ त्याने पडणे कमी होते असा ठाम पुरावा मिळालेला नाही. २०१९ साली सिडनीच्या कॅथरिन शेरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरचे १०८ प्रयोग, तेवीस हजारांहून अधिक वृद्ध, यांचा एकत्र ताळा मांडला. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे चौथाईने कमी होते असे दिसले. पण गुण आला तो मुख्यतः तोल आणि उठ-बस यांच्या व्यायामाने, आणि त्याला ताकदीच्या व्यायामाची जोड दिली तिथे तो आणखी वाढला. विनोबांच्या काळी वाट म्हणजे धुरा, नाला आणि ढेकळे. तेथे तोलाचा व्यायाम आपोआपच होई. कपाशीच्या ओळींतून चालणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना तो आजही होतो. शहराच्या फरशीवर तो मुद्दाम करावा लागतो.

ब्राझीलचे डॉ. क्लाउदिओ गिल आराऊजो यांची एक चाचणी आहे, ती आपल्या लोकांना फार जवळची वाटेल. उभ्याने जमिनीवर बसावयाचे आणि पुन्हा उठावयाचे. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात टेकला, गुडघा टेकला, मांडीवर हात दाबला, की दर वेळी एक गुण वजा. नुसता तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांवरील त्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात अगदी कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण चांगल्या गुणांच्या लोकांपेक्षा पाच-सहा पटींनी अधिक निघाले. जमिनीवरून न उठता येणे हे मृत्यूचे कारण नव्हे, पण सगळ्या शरीराची तब्येत त्यात दिसते.

वाचकहो, हा अभ्यास वाचला तेव्हा मला पहिल्याने नमाज आठवली. दिवसाच्या पाच वेळांच्या फर्ज रकाती सतरा. सजद्यातून, किंवा नमाज संपल्यावर बैठकीतून, जमिनीवरून उठून उभे राहणे दिवसाला सतरा वेळा. सुन्नत आणि नफिल वेगळ्या. रुकूत कमरेचा आणि मांडीचा तोल, सजद्यातून उठताना मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू. आता नमाज ही इबादत आहे, कवायत नव्हे, हे मला कोणी शिकवावयास नको. परंतु जो माणूस साठ वर्षे हे करीत आला आहे त्याच्या पायांना जी देणगी मिळाली आहे ती त्याने सहजासहजी का सोडावी?

हे म्हणण्याचे कारण असे की मशिदीत अलीकडे मागच्या ओळीतील खुर्च्या वाढत चालल्या आहेत. ज्याचे गुडघे खरेच गेले आहेत, ज्याचे ऑपरेशन झाले आहे, त्याच्यासाठी ती सवलत आहेच, आणि मसल्याचे काय ते मौलानासाहेबांना विचारावे. त्यात मी तोंड घालणार नाही. पण पंचावन्न वर्षांचा धट्टाकट्टा मनुष्य चार दिवस गुडघा दुखला म्हणून खुर्चीवर बसतो आणि मग ती खुर्ची त्याची कायमचीच होते, असेही होताना मी पाहतो. गुडघा दुखतो म्हणून मांडीला विश्रांती दिली की मांडी दुबळी होते, आणि दुबळ्या मांडीचा सगळा भार पुन्हा गुडघ्यावरच येतो. अशा भावांनी खुर्ची कायमची करण्याआधी एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवावे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगी मेघे येथे तर फिजिओथेरपीचे कॉलेजच आहे. दूर जावयास नको.

वजूच्या जागेविषयीही विश्वस्त मंडळींना विनंती आहे. एका पायावर उभे राहून दुसरा पाय नळाखाली धरणे हा सत्तरीच्या माणसासाठी मोठा जोखमीचा खेळ आहे. बसावयास ओटे, भिंतीला पक्का दांडा, खरबरीत फरशी आणि फजरच्या वेळी पेटलेला दिवा, एवढे झाले तरी पुष्कळ. घरच्या न्हाणीतही हेच. दांडा भिंतीत पक्का बसवा, टॉवेल टांगावयाची दांडी धरली तर ती हातात येते. झिजलेल्या सपाता फेकून द्या. लोकांना काटकसर नेमकी तिथेच सुचते.

आता करावयाचे काय? सामान लागत नाही. भिंतीला टेकविलेली, बिनहाताची, पक्की खुर्ची घ्या. हात छातीशी बांधून उठा, पूर्ण उभे राहा, पुन्हा सावकाश बसा. तीस सेकंदांत किती वेळा जमते ते मोजा. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या पुरुषाचे बारापेक्षा किंवा बाईचे अकरापेक्षा कमी भरले तर पाय दुबळे झाले असे समजावे. मग तोच व्यायाम करा, दहा उठ-बशा, थोडा दम, पुन्हा दहा. न जमल्यास प्रथम बाजेच्या उंच काठावरून करा, पुढे बैठक खाली आणा. स्वयंपाकाच्या ओट्याला हात लावून टाचा उचला. पोळ्या भाजता भाजताही हे होते. भिंतीच्या कडेने, एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावीत, ओळीवरून चालल्यासारखे चाला. ओटा धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहा. घट्ट धरलेला हात पुढे एका बोटावर यावा. आठवड्यातून निदान तीन दिवस करा. शेजारी कोणीतरी असू द्या. छातीत दुखणे, चक्कर, नुकतेच ऑपरेशन, असे काही असेल तर आधी डॉक्टर.

आणि खाणे. आपल्या बुजुर्गांचे रात्रीचे जेवण पुष्कळदा चहा आणि टोस्ट. त्यातून मांडी कशी बनणार? वजनाच्या दर किलोमागे रोज निदान एक ग्रॅम प्रथिने लागतात. डाळ, अंडे, दूध, दही, मासे, जे परवडेल ते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने. दिवसभर घरातच राहणाऱ्या आपल्या आया-बहिणींना ऊनही मिळत नाही. अंगणात, गच्चीवर बसावयास जागा करून द्या, आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या.

आठवीच्या वर्गाला मी यंदा गृहपाठ दिला होता. घरातील सर्वांत वडील माणसाच्या तीस सेकंदांतील उठ-बशा मोजून आणा. मुलांना मौज वाटली. काही दादामियांनी नातवाला हाकलून लावले. एका मुलीने वहीत आकड्याऐवजी नानीचे उत्तरच लिहून आणले, "मला खुर्ची कशाला, मी जमिनीवरूनच उठून दाखवते." आणि दाखवले म्हणे. ही नानी समुद्रपूर तालुक्यातील. गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्याला ती अजून स्वतःच्या पायांनी चढते आणि मुलगा-सून धापा टाकीत मागून येतात, अशी पुरवणीही त्या मुलीने जोडली होती.

शेवटी, इतके करूनही कोणी पडलेच तर काय करावे, कारण घरोघर नेमकी तिथेच धांदल होते. चार जण धावतात आणि बखोटीला धरून उभे करतात. तसे करू नये. प्रथम तसेच पडून राहू द्या, कुठे दुखते ते विचारा. खुब्यात कळ येत असेल, एक पाय आखूड दिसत असेल किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला असेल, तर हलवू नका. अंगावर पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा. डोक्याला मार असेल आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर बाहेरून काही दिसत नसले तरी दवाखान्यात न्या. काही दुखत नसेल तर माणसाला स्वतःला उठू द्या. आधी कुशीवर वळावे, मग ओणवे होऊन हात-गुडघ्यांवर यावे, रांगत बाजेपाशी जावे, दोन्ही हात बाजेवर टेकावे, बळकट पाय पुढे रोवून उठावे आणि वळून बाजेवर बसावे. तुम्ही फक्त जवळ बसून धीर द्या. त्यानंतर पाच-दहा मिनिटे बसल्यावरच उभे राहावे. हे उठणे घरातील सर्वांनी, पडण्याची वाट न पाहता, एखाद्या दुपारी सतरंजीवर एकदा करून पाहावे.